ठोंब फोडायचे दिवस

चार वर्षं एकाच जागी असलेला गवती चहाचा ठोंब उभ्याने पाहिला तर हिरवागार दिसतो. दोन्ही हातांनी पानं बाजूला सारून आत डोकावलं की खरा प्रकार कळतो. मधोमध वीतभर जागेत नुसतं वाळकं काड, काळी पडलेली सालं आणि मुंग्यांनी वर काढलेली माती. हिरवे फुटवे सगळे कडेला, भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती मुली फेर धरतात तसे. चहासाठी पानं तोडणारा कडेचीच तोडतो. त्यामुळे मधलं पोकळ झालंय हे कित्येक वर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही.

असं का होतं ते ठोंब उपटल्यावर दिसतं. नवा फुटवा जुन्याच्या बाहेरच्या अंगाला येतो, कारण आत ना जागा असते ना उजेड. शिवाय तो जुन्याच्या पायथ्यावर बसतो, म्हणजे दर हंगामात अर्धं-एक बोट वर चढतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बुंधा जमिनीपासून चार बोटं वर आलेला असतो. नवी मुळं मातीत पोचायच्या आधीच हवेत वाळतात, आणि ओतलेलं पाणी उंचवट्यावरून घरंगळून बाजूला जातं. माणूस म्हणतो, खत कमी पडलं. मग वरून शेणखताचा ढीग घालतो, तोही त्या वाळक्या मधल्या भागावर, जिथे ते खायला कुणीच नाही.

डे-लिली, स्पायडर लिली, जरबेरा, कर्दळ, हेलिकोनिया, कुंडीतली पीस लिली, सगळ्यांची थोड्याफार फरकाने हीच गत. खुणाही ठरलेल्या आहेत. पानं भरपूर पण बारीक, फुलं दरवर्षी कमी, पाणी घातलं की लगेच तळाच्या भोकातून बाहेर, प्लास्टिकची कुंडी एका अंगाने फुगलेली. यातल्या दोन खुणा दिसल्या की ठोंब फोडायला आला, म्हणजे उपटून त्याचे तुकडे वेगवेगळे लावायची वेळ झाली, असं समजावं. तीन वर्षं झाली की फोडायचाच, असा नियम लावू नये. पावसाळी लिलीला तर दाटीच मानवते. तिचे कांदे एकमेकांना ढकलत मातीबाहेर डोकावू लागेपर्यंत तिला हात लावायचं कारण नाही.

आता वेळेचं. बागकामाची पुस्तकं आणि हल्लीचे व्हिडिओ बहुतेक थंड मुलखातले. त्यांत सरसकट सांगितलेलं असतं की वसंतात फुलणारी बहुवर्षायू झाडं शरदात फोडावीत. इंग्लंडमध्ये ते अगदी बरोबर आहे. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात उन्हाळ्याची ऊब जमिनीत शिल्लक असते, हवा गार झालेली असते आणि वरून पाऊस असतो. मुळं वाढतात, पानांवर ताण नाही. आपण तेच वाक्य उचलून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुदळ घेतो आणि आठवड्यात अर्धी रोपं करपतात. कारण आपला ऑक्टोबर उलटा. पाऊस पहिल्या पंधरवड्यात परत फिरतो, चार महिने ढगाखाली वाढलेल्या कोवळ्या पानांवर एकदम कोरडं ऊन पडतं, दुपारी पारा ३२ ते ३५ अंशांवर जातो. जमीन उबदार आहे हे खरं, पण बाकीच्या दोन गोष्टी आपल्या बाजूच्या नाहीत.

म्हणून आपल्याकडे शरदाचा पूर्वार्ध सोडून द्यावा. हस्ताच्या सरी होऊन जाऊ द्याव्यात, चित्रा नक्षत्रातलं ऊन सोसून घ्यावं आणि पहाटे पानांवर दव दिसू लागलं की कामाला लागावं. पुणे-नाशिक-साताऱ्याकडे हे साधारण कोजागरीच्या पुढे येतं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत हाताशी चांगले तीन-चार आठवडे असतात. सण तिथीने मागेपुढे सरकतात, त्यामुळे पंचांगापेक्षा दवावर भरवसा ठेवलेला बरा. रात्री गार, दिवसा सोसवेल असं ऊन आणि माती अजून कोमट. इंग्रजी पुस्तकातला सप्टेंबर आपल्याकडे कार्तिकात येतो म्हणा ना. नोव्हेंबर संपल्यावर मात्र घाटमाथ्यावर आणि विदर्भात रात्री इतक्या गार होतात की उष्ण प्रदेशातल्या झाडांची मुळं वाढायची थांबतात. फोडलेला तुकडा मरत नाही, पण फेब्रुवारीपर्यंत आहे तसा बसून राहतो, आणि बसून राहिलेला तुकडा कुजायला वेळ लागत नाही. कोकणात थंडी बेताची, तिथे डिसेंबरातही काम होतं.

परदेशी राहणाऱ्यांचं गणित याच्या नेमकं उलट. न्यू जर्सीत परसात डे-लिली किंवा पिओनी हे थंड मुलखातलं फुलझाड लावलेल्या मराठी घरांना सप्टेंबर संपता संपता ठोंब फोडायचं काम उरकावं लागतं. जमीन गोठली की मातीतलं पाणी फुगतं आणि नीट न रुजलेला गड्डा खालून उचलून वर फेकला जातो. पिओनीचे डोळे पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर झाड जगतं, पण फुलत नाही. वडीसाठी लावलेल्या अळूचे कंद तर तिथे दहिवर गोठायच्या आत खणून घरातच आणावे लागतात. आपल्याला ही धावपळ नाही. आपल्याला फक्त ऊन आणि पाणी सांभाळायचंय.

दिवस ठरला तरी माती तयार हवी, आणि त्यासाठी मराठीत एक फार नेमका शब्द आहे, वाफसा. चिखल नाही, ढेकूळ नाही, अशी मधली अवस्था. मूठभर माती दाबावी, लाडू वळला पाहिजे, आणि तोच लाडू कमरेइतक्या उंचीवरून सोडला की फुटला पाहिजे. वळलाच नाही तर आदल्या दिवशी पाणी द्यायला हवं होतं. पडून चपटा झाला तर अजून दोन दिवस थांबायला हवं. लाल मातीत हा प्रकार फारसा अडत नाही, ती पाणी धरत नाही आणि चटकन मोकळी होते. काळ्या मातीत मात्र वाफसा चुकला की सगळं चुकलं. ओल्यात खणलं तर कुदळीने दाबलेली माती वाळून विटेसारखी होते आणि नवी मुळं त्या विटेच्या पलीकडे जात नाहीत. फार वाळू दिली तर भेगा पडतात आणि त्या भेगांबरोबर बारीक मुळं तुटतात. काळ्या मातीचा वाफसा ऑक्टोबरात चार-पाच दिवसच टिकतो. तेवढ्यात रविवार यावा लागतो, हीच खरी अडचण.

हत्यारं फार लागत नाहीत. एक कुदळ किंवा पहार, एक खुरपं, एक धारदार सुरी, सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, आणि जुन्या ठोंबासाठी करवत. हेलिकोनियाचा किंवा जुन्या गवती चहाचा गड्डा सुरीला दाद देत नाही, तिथे सुतारी करवत सरळ चालवावी. एका ठोंबाकडून दुसऱ्याकडे जाताना पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसावं. हे लोक टाळतात, आणि पुढे एकाच वाफ्यातली सगळी कर्दळ एकाच रोगाने का गेली याचं नवल करतात.

गवती चहापासून सुरुवात करावी, कारण तो चुका पोटात घालतो. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्यावं. सकाळी आधी पानं कापायची, जमिनीपासून वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर ठेवून. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पानांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि काम संपेपर्यंत कोपरापर्यंत चरे उमटतात. कापलेली पानं सावलीत वाळवून डब्यात भरावीत, हिवाळाभर पुरतात. मग ठोंबापासून वीतभर लांब चारी बाजूंनी कुदळ घालून तो उचलायचा. अगदी बुंध्याला लागून खणलं तर मुळं ठोंबातच तुटतात. बाहेर आल्यावर तो जमिनीवर दोन-तीनदा आपटावा, माती झडते आणि कुठला फुटवा कुठे जोडलेला आहे ते दिसू लागतं.

आता कापायचं नाही. दोन्ही अंगठे मधल्या पोकळीत घालून बाहेर ओढावं, ठोंब आपल्या नैसर्गिक सांध्यांवर सुटतो. सुरी फक्त अडेल तिथे. हाताशी येणाऱ्या जुडीत तीन-चार फुटवे, त्यांची मुळं आणि खाली थोडा कडक बुंधा असावा. बाहेरची वाळकी सालं सोलून काढावीत, त्यांच्या आडोशाला पिठ्या ढेकूण असतो. मुळं चार बोटं ठेवून बाकी सिकेटरने कापावीत. लांब मुळं खड्ड्यात वळून वर येतात आणि वाळतात, त्यापेक्षा आखूड बरी. मधला वाळका भाग थेट कंपोस्टमध्ये. त्यात एखादा हिरवा कोंब दिसतो आणि जीव अडकतो, पण तो कोंब जुन्या, कुजक्या पायावर उभा असतो, त्याच्यामागे वर्ष घालवू नये. जुड्या दीड-दोन फुटांवर, पूर्वी जितक्या खोल होत्या त्यापेक्षा दोन बोटं खोल लावाव्यात. नवी मुळं बुडालेल्या पेरांतून फुटतात.

एका ठोंबाचे किती करायचे, इथे हाव आडवी येते. मोठ्या ठोंबातून पंचवीस फुटवे निघतात, पंचवीस रोपं करता येतात, आणि ती जगतातही. पण एकट्या फुटव्यापाशी साठा काहीच नसतो. तो पहिलं वर्ष स्वतःला सावरण्यात घालवतो. तीन-चार फुटव्यांची जुडी त्याच हंगामात धरते. फुलझाडांना तर हे जास्तच लागू. डे-लिलीचा पंखा, म्हणजे पंख्यासारखी पानं पसरलेला एक फुटवा, एकेकटा लावला तर पुढचा बहर बुडाला असं धरून चालावं. दोन-तीन पंखे एकत्र ठेवले तर फूल येतं. पाच-सहा चांगले तुकडे पुरे. रोपवाटिका चालवायची असेल तर गोष्ट वेगळी.

तंतुमुळांच्या आणि कंदांच्या झाडांना एकच वागणूक द्यायची, ही फार होणारी चूक. गवती चहा, डे-लिली, जरबेरा यांची मुळं उघडी पडली की मिनिटामिनिटाने वाळतात. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावीत आणि त्याच तासात लावावीत. कर्दळ, हेलिकोनिया, आलं-हळदीच्या कुळातली झाडं यांचं उलट. त्यांचा कंद कापला की कापलेला भाग पाणीदार असतो, तो तसाच मातीत गेला तर बुरशीला आयतं घर. म्हणून कापलेले तुकडे दिवसभर, दमट हवेत दोन दिवस, सावलीत पसरून ठेवावेत. कापावर बोट फिरवलं की कोरडी पापडी लागली पाहिजे. वर लाकडाची राख चोळली की झालं. ज्यांना औषधाची खात्री हवी त्यांनी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला एक ग्रॅम घेऊन दहा मिनिटं बुडवावं, हातमोजे घालून. मात्र त्याच खड्ड्यात ट्रायकोडर्मा (रोग रोखण्यासाठी मातीत घालतात ती पूड) घालू नये. ती स्वतः बुरशी आहे, बुरशीनाशक तिलाही मारतं. दोन्ही वापरून दुप्पट काळजी घेतल्याचं समाधान मिळतं आणि पैसे वाया जातात.

कर्दळीचा तुकडा दोन-तीन डोळ्यांचा असावा, आडवा, डोळे वर करून, चार बोटं खोल. तिची एकदा फुलून गेलेली दांडी पुन्हा फुलत नाही, ती जमिनीलगत कापून टाकावी. केळीचंही तसंच, सोनटक्क्याचंही. फोडण्याआधी पानं उजेडासमोर धरून पाहावीत. शिरांच्या कडेने पिवळ्या तुटक रेघा दिसल्या तर तो विषाणू असू शकतो, आणि विषाणूला औषध नाही. ठोंब फोडून केलेली सगळी रोपं म्हणजे एकच झाड. आजारी ठोंबाचे आठ तुकडे म्हणजे आठ आजारी झाडं, त्यातली चार शेजाऱ्यांकडे. असा ठोंब मुळासकट काढून टाकावा, कितीही दुर्मीळ रंगाचा असला तरी.

जरबेराला मात्र थोडा वेळ द्यायला हवा, कारण सगळ्यात जास्त मरतो तोच, आणि दरवेळी एकाच कारणाने. मावळातल्या पॉलिहाऊसांत तो उंच गादीवाफ्यावर, लाल मातीत तूस आणि शेणखत मिसळून लावलेला दिसतो. घरी आणलेला जरबेरा कुंडीत जातो, आणि नीट बसावा म्हणून आपण त्याच्या बुंध्याभोवती प्रेमाने माती दाबतो. तिथेच घात होतो. जरबेराची पानं, कळ्या, नवे फुटवे सगळे एका आखूड बुंध्यातून निघतात. त्या बुंध्याच्या मधल्या खळग्यात माती आणि पाणी साचलं की तो आतून मऊ पडतो. पानं वरून हिरवी असतात, एक दिवस हलकेच ओढलं तर अख्खा गुच्छ हातात येतो, खाली तपकिरी लगदा. त्यावर बुरशीनाशक ओतून उपयोग नसतो. उंच लावणं हाच इलाज.

दोन वर्षांचा जरबेरा कुंडीतून काढून मुळं धुऊन घ्यावीत, म्हणजे बुंधा उघडा दिसतो. एकाच झाडात दोन, तीन, कधी चार बुंधे तयार झालेले असतात, प्रत्येकाला स्वतःची पानं आणि दोरीसारखी जाड, फिकट मुळं. त्यांच्या मधल्या खाचेत सुरी उभी धरून एकाच दाबात चिरावं. करवतीसारखं मागेपुढे केलं की फाटतं. बाहेरची जुनी पानं बुडापासून काढावीत, मधली कोवळी तीन-चार ठेवावीत. मुळं वीतभरापेक्षा लांब असतील तर छाटावीत. कुंडीच्या मधोमध मातीचा छोटा उंचवटा करून त्यावर बुंधा ठेवायचा आणि मुळं चारी बाजूंना खाली सोडायची. वरून माती घातल्यावर बुंध्याचा एक-दीड सेंटिमीटर भाग मातीबाहेर दिसलाच पाहिजे. झाड सुरुवातीला डुलतं, पडेलसं वाटतं. दोन काड्या टेकू म्हणून लावाव्यात, पण माती वर चढवू नये. पुढचा महिना-दीड महिना येणाऱ्या कळ्या खुडाव्यात. त्या खुडणं जिवावर येतं, हे मान्य.

या दिवसांत कोणाला हात लावायचा नाही हेही तितकंच महत्त्वाचं. शेवंती याच दिवसांत कळ्या धरते. दिवस लहान होत जातात तशी तिला फुलायची खूण मिळते. तिला आता हलवलं तर जानेवारीत, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं फुलांचं प्रदर्शन पाहून येऊन, आपल्या कुंडीतली नुसती पानं पाहत बसावं लागेल. फुलं संपली की तिच्या दांड्या टीचभर ठेवून कापाव्यात, बुडातून काश्या (जमिनीलगतचे कोवळे फुटवे) फुटतात, त्या मुळांसकट वेगळ्या कराव्यात. निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्ये लावायचे. हळद आणि आंबेहळद आत्ता पोसली जात असते, पानं पिवळी पडून लोळेपर्यंत खणू नये. सोनटक्का कोकणात आत्ता फोडला तर चालतो, देशावर फेब्रुवारीनंतर फोडलेला बरा. बर्ड ऑफ पॅराडाइज भरपूर फुलत असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नये, फोडल्यावर तो दोन-तीन वर्षं रुसतो.

कळलावी एक निराळंच प्रकरण. पावसाळ्यात कुंपणावर चढून लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते आणि ऑक्टोबरात वरचा वेल वाळून जातो. लोक ती मेली समजून जागा खणायला घेतात आणि खालचे कंद तुटतात. तिचा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, दोन बोटं जोडल्यासारखा असतो, आणि डोळा फक्त त्या बोटांच्या अगदी टोकाला, एकेकच. टोक मोडलं की उरलेला जाडजूड कंद निरुपयोगी, त्याला दुसरीकडून फूट येत नाही. म्हणून वेल वाळल्यावर लगेच त्याच्या बुडाशी काठी रोवून खूण करावी, फूटभर लांबून खुरप्याने हलके माती काढत जावं आणि शेवटी हातानेच. दोन बोटं जिथे जुळतात तिथे चिरलं की दोन झाडं. कोरड्या वाळूत ठेवून मेअखेरीस आडवे लावावेत. सगळं झाड जहाल विषारी आहे, कंद तर फारच. हातमोजे घालावेत, आणि कंद रताळी-आल्याच्या टोपलीजवळ चुकूनही ठेवू नयेत.

रताळ्यावरून डेलिया आठवला. रोपवाटिकेत याच सुमाराला त्याचे कंदांचे झुपके मिळतात, दिसायला रताळ्यांसारखेच. रताळ्याला अंगावर कुठूनही कोंब येतो, डेलियाच्या कंदाला येत नाही. त्याचे डोळे जुन्या दांड्याच्या बुडाशी, कंदाची मान जिथे चिकटते त्या कड्यावर असतात. मान मोडलेला कंद विकत घेणं म्हणजे आंधळा कंद घेणं, वर्षभर कुंडीत टिकेल पण उगवणार नाही. झुपका आणला की लगेच कापू नये. ओलसर कोकोपीटमध्ये दहा-पंधरा दिवस ठेवावा, डोळे गुलाबी होऊन टरारतात, मग प्रत्येक कंदाबरोबर दांड्याच्या बुडाचा डोळेवाला तुकडा येईल असं कापावं. काठी लावायची असेल तर कंदाआधी लावावी. महिन्याभराने खुपसलेली काठी नेमकी कंदातून जाते.

माती सगळ्यांना एकच चालते, थोड्याफार फेरफाराने. दोन घमेली बागेतली माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं तूस किंवा कोकोपीट, आणि बारा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. शेणखत हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास येता कामा नये. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणी घरात येते, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी, आणि ती नव्या मुळांवरच तुटून पडते. जुनी माती उकरताना दिसली की वेचून काढावी. रासायनिक खत तीन आठवडे नको. कापलेल्या मुळांना ते मिठासारखं झोंबतं.

लावायची वेळ संध्याकाळची. लावल्याबरोबर झारीने हळूहळू पाणी, मातीतून बुडबुडे येणं थांबेपर्यंत. या पाण्याचं खरं काम मुळांभोवतीच्या पोकळ्या भरण्याचं आहे. दुसरं पाणी तिसऱ्या दिवशी, आणि पुढे बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच. फोडलेली झाडं ऑक्टोबरात तहानेने मरतात त्याहून जास्त अतिपाण्याने मरतात. पानं कापलेली, मुळं अर्धी, ती पिणार किती? दुपारी दोन वाजता पानं माना टाकतात आणि बघणाऱ्याला राहवत नाही. तेव्हा झारी उचलू नये. सूर्य कलल्यावर पुन्हा बघावं. पानं सावरली असतील तर मुळांपाशी पाणी आहे, उन्हापुढे ते फक्त कमी पडत होतं. संध्याकाळीही तशीच लोळलेली असतील तरच पाणी. त्यापेक्षा पहिले आठ-दहा दिवस पश्चिमेच्या बाजूने सावली करावी, ५० टक्क्यांचं शेडनेट असो की नारळाची झावळी. सकाळचं कोवळं ऊन मात्र मिळू द्यावं. पाचोळ्याचं दोन बोटं आच्छादन करावं, पण बुंध्यापासून चार बोटं लांब, आणि वाळवीची जागा असेल तर करूच नये.

उरलेले तुकडे वाटायचेच असतात. मनीप्लांट चोरून आणलेला जोमाने वाढतो असं म्हणणारे लोक गवती चहा मात्र हक्काने मागून नेतात. देताना मुळं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर केळीचं पान बांधावं, दोन दिवस टिकतात. कर्दळ आणि डे-लिलीवर रंग लिहून चिठ्ठी बांधावी. फुलं नसताना सगळ्या सारख्याच दिसतात, आणि सहा महिन्यांनी शेजारी विचारतात, तुम्ही पिवळी म्हणाला होतात ना?

रोप धरलं की नाही हे बघायला ते ओढून पाहायची सवय वाईट, नुकती फुटलेली केसासारखी मुळं त्यात तुटतात. गवती चहा आणि डे-लिलीला त्याची गरजच नाही. त्यांचं पान टोकाकडून वाढत नाही, बुडाकडून वाढतं. कात्रीने सरळ रेषेत कापलेली जुडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहिली तर आतलं कोवळं पान त्या रेषेच्या वर बोटाच्या पेराएवढं आलेलं दिसतं, आणि त्याचं टोक निमुळतं नसून कात्रीने कापलेलंच, सपाट असतं. ही वाढ साठ्यावरची असते, तिच्यावर फार विसंबू नये. दहाव्या-बाराव्या दिवशी त्या सपाट टोकांच्या मधून एक टोकदार पान, न कापलेलं, गुंडाळीतून बाहेर आलं की सावली काढून टाकावी.